पालथा हात

बब्रुवान कुठल्याही वस्तूला आधी पालथा हात लावायचा. नळाची तोटी असो, पत्र्याची पेटी असो, शेजाऱ्याची मोटारसायकल असो. हाताची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच तळहात. लेकीला ताप आला तरी तिच्या कपाळावर पालथाच हात. त्याच्या जळकोट गावातली पोरं त्याची नक्कल करायची. नळदुर्गच्या बसस्टँडसमोर त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हा धंदा. तीस वर्षं करंटशी संसार केलेल्या माणसाला अशी खोड लागायचीच, असं लोक धरून चालले होते.

तसं बघितलं तर करंटचं काम करणारे सगळेच पालथा हात लावतात. करंट बसला की मूठ आपोआप आवळते. तळहात लावलेला असेल तर माणूस त्या वस्तूला धरूनच राहतो. पालथा असेल तर हात झटकला जातो आणि जीव वाचतो. पण बाकीचे मोटारीला लावतात, बब्रुवान दाराच्या कडीलाही लावायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बब्रुवानचं तोंड कुठल्या दुधानं पोळलं होतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. निदान गावाला तसं वाटत होतं.

चौदा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गोरोबा विहिरीवरच्या स्टार्टरला चिकटून गेला, एवढं गावाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं ते असं. तो स्टार्टर आदल्या दिवशी बब्रुवाननंच बसवला होता. डब्याला चुकून करंट उतरला तर तो जमिनीत जावा म्हणून एक हिरवी वायर जोडतात. ती हिरवी वायर हातभर कमी पडली. अंधारून आलं होतं. 'उद्या जोडू,' म्हणून त्यानं ती तशीच लोंबती ठेवली. सकाळी गोरोबा पाणी धरून ओल्या पायांनी आला आणि त्यानं स्टार्टरचा डबा तळहातानं धरला. बब्रुवान पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानं फ्यूज काढला, भावाला बाजूला ओढलं, आणि शेजारच्या रानातली माणसं धावत यायच्या आत ती हिरवी वायर तुकडा लावून, काळी टेप गुंडाळून जोडून टाकली. लोकांनी बघितलं, अर्थिंग जागेवर होतं. 'अर्थिंग असून गेला, म्हंजी देवाचीच मर्जी,' असं सगळे म्हणाले. बब्रुवाननंही मान हलवली.

तेव्हापासून तो भीत होता. करंटला भीत होता, पत्र्याला भीत होता, आणि सगळ्यात जास्त कुणी दोनदा प्रश्न विचारेल याला भीत होता. घरात कूलर प्लॅस्टिकचा, फ्रिजखाली रबरी चटई. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा. त्यात पुरलेली तांब्याची पट्टी ओली राहावी म्हणून तो रोज सकाळी तिथं घागरभर पाणी ओतायचा. तुळशीला पाणी त्यानंतर.

अशा घरात यंदाच्या जून महिन्यात शिवांजलीनं जाहीर केलं, "अण्णा, मी कॉम्प्युटर जोडणारंय. एकेक पार्ट निवडून, स्वतःच्या हातानं."

शिवांजली ही त्याची एकुलती लेक, नळदुर्गच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला.

"कशापाई?" बब्रुवाननं विचारलं.

"गेम खेळायला."

दुसरी एखादी असती तर तिनं अभ्यासाचं निमित्त पुढं केलं असतं. ही सरळ बोलली आणि बब्रुवानला तेच आवडलं. शिवाय पैसे तिचेच होते, सुट्टीत लोकांचे पीक विम्याचे फॉर्म भरून साठवलेले. नाही म्हणायला जागा नव्हती. त्यानं फक्त विचारलं, "त्याचा डबा कशाचा असतो?"

"पत्र्याचा."

"लाकडाचा न्हाय का मिळत?"

"अण्णा, कॉम्प्युटर आहे तो. देव्हारा नाही."

त्याची बायको कमलबाई खळखळून हसली. बब्रुवानही हसला, आणि उठून अंगणात जाऊन त्या खड्ड्यात आणखी दोन घागरी ओतून आला.

चार महिने यादी चालली. वहीच्या शेवटच्या पानावर सुरू झालेली ती यादी मागं मागं सरकत निम्म्या वहीपर्यंत आली. प्रोसेसर भारी घ्यावा तर ग्राफिक्स कार्ड हलकं पदरात पडे, कार्ड भारी घ्यावं तर रॅमची एकच पट्टी परवडे. पडदा म्हणून घरातला टीव्हीच वापरायचा ठरला, तेवढीच बचत. जेवताना ती आईला सांगायची की अमक्या मदरबोर्डात तमका प्रोसेसर बसत नाही, बसला तर त्याला ही रॅम चालत नाही.

"पार्ट निवडायलीस का सोयरीक जमवायलीस गं?" कमलबाई म्हणायची.

बब्रुवान गुमान जेवायचा. एका दुपारी मात्र त्यानं यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् ह्ये काय?"

"एसएमपीएस. भिंतीतला करंट आधी ह्याच्यात येतो. मग हा बाकीच्यांना ज्याला लागंल तेवढा वाटून देतो."

"म्हंजी सगळा करंट ह्याच्यातनं."

"सगळा."

त्या दिवसापासून बब्रुवानच्या लेखी यादीत एकच ओळ उरली. प्रोसेसर चार कोरचा की सहा, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. शिवांजलीनं निवडलेल्या एसएमपीएसला पाच वर्षांची हमी होती. लोकांनी तो उघडून, मोजून, तपासून त्याचे व्हिडिओ टाकले होते. तिनं ते सगळे बापाला दाखवले. तो मान हलवत राहिला आणि त्याच्या कानात एक अक्षर शिरलं नाही. भ्यालेल्या माणसाला व्हिडिओ दाखवून काय उपयोग? त्याला पडद्यावर लेक दिसत होती, पत्र्याच्या डब्याला हात लावून बसलेली.

घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी बापलेक सोलापूरला गेले. एका बोळात शरणप्पाचं दुकान होतं. तिथले सगळे भाव शिवांजलीनं आधीच फोनवर काढून ठेवले होते. शरणप्पा गोड बोलणारा, गिऱ्हाईक काय म्हणेल त्याला 'व्हय की ओ' म्हणणारा माणूस. त्यानं यादीप्रमाणं एकेक खोकं काउंटरवर मांडलं. बब्रुवाननं बाकी कशाकडं बघितलं नाही. त्यानं एसएमपीएसच्या डब्याला पालथा हात लावला, मग उचलून तळहातावर तोलला, आणि त्याचं काळीज हललं.

"ह्ये तर पोकळ लागायलंय," तो म्हणाला.

त्याच्या धंद्यात वजन हेच सत्य होतं. तांबं जड, ॲल्युमिनियम हलकं. मोटार नुसती उचलली की आत कुठली तार भरलीय ते तो डोळे मिटून सांगायचा, आणि तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"शरणप्पा, ह्याच्याहून जड न्हाय का?"

"हाय की ओ मालक." शरणप्पानं वरच्या फळीवरचा एक डबा काढला. "ह्यो बघा. दगडावानी हाय. आन् स्वस्त बी हाय."

बब्रुवाननं तोलला. खरंच जड होता, पहिल्याच्या दुप्पट. त्याला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

शिवांजलीनं डबा उलटा करून कागद वाचला. "अण्णा, ह्याच्यावर कुठल्या तपासणीचा शिक्का नाही. वजनावर नसतंय ओ ते."

"पोरी, तांब्याला वजन असतंय. तीस वर्षं म्या काय गवत उपटलं का?"

"आन् ताई, वाचलेल्या पैशात त्ये मोठं कार्ड बसतंय बघा," शरणप्पानं हळूच पुस्ती जोडली.

शिवांजलीनं त्या मोठ्या कार्डाच्या खोक्याकडं बघितलं. चार महिने ते कार्ड ती यादीत लिहायची आणि खोडायची. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि म्हणाली, "बरं."

एसटीत बाकीची खोकी वर फळीवर टाकली होती. तो जड डबा मात्र बब्रुवाननं मांडीवर घेतला आणि नळदुर्ग येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला. लेकीच्या आणि करंटच्या मधे आता चांगलं शेरभर तांबं होतं, असं त्याला वाटत होतं.

अष्टमीला शिवांजलीनं लाकडी पलंगावर चादर अंथरून कॉम्प्युटर जोडला. बब्रुवाननं दोघांच्याही पायात रबरी चपला घालायला लावल्या होत्या. देवघर शेजारच्याच खोलीत, त्यामुळं कमलबाईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पण त्यानं ऐकलं नाही. काचेचं झाकण तेवढं लावायचं राहिलं. आतल्या तारा नंतर नीट बांधायच्या होत्या. चालू मात्र दुसऱ्या दिवशीच करायचा, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, आणि बब्रुवानच्या घरी पकड, पाने, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. आणि यंत्राची पूजा करायची ती चालू करून, ही या घराची आपली रीत. दुकानातल्या तार गुंडाळायच्या यंत्राचीही पूजा तशीच व्हायची, आधी चार फेरे फिरवून मग कुंकू. हातानं काम करणाऱ्यानंच ते लावायचं.

बब्रुवाननं मनाशी ठरवलं होतं की सकाळी उठल्यावर आधी टेस्टर घेऊन तो डबा तपासायचा. पण तो अंघोळ करून येतो तर कमलबाईनं पूजा मांडूनसुद्धा टाकली होती. पाटावर कोरं फडकं, त्यावर धुऊन पुसून ठेवलेली हत्यारं, आणि पकडीच्या शेजारी हळदकुंकू लावलेला टेस्टर.

"त्यो टेस्टर तेवढा..." बब्रुवान म्हणाला.

"आता उद्या. मांडलेलं उचलत न्हाईत. आन् तुमाला आज कशाला पायजे?"

तो सांगू शकला असता. डबा तपासायचाय, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती म्हणाली असती, दुकानातनं कोरा आणलेला डबा कशाला तपासायचा, अंगणात अर्थिंग हाय की. आणि अर्थिंगचा विषय या घरात निघाला की तो गोरोबापाशी जाऊनच थांबायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून चौदा वर्षं तो अशा प्रत्येक वळणावर गप्प बसला होता. आताही बसला.

"काय न्हाय," तो म्हणाला.

शिवांजली न्हाऊन आली होती. केसांतलं पाणी पाठीवरून खाली ठिबकत होतं. कमलबाईनं खोलीची शहाबादी फरशी नुकतीच पुसून घेतली होती, अजून ओली होती. दाराला लागूनच टेबलावर कॉम्प्युटर, वर भिंतीला टीव्ही, दारात झेंडूचं तोरण. बब्रुवान उंबऱ्याबाहेर चपला घालून उभा राहिला. शिवांजलीही चपला घालून आत निघाली तशी कमलबाई कडाडली, "काढ त्या चपला! पूजेला चाललीस का बाजाराला?"

शिवांजलीनं बापाकडं बघितलं. बब्रुवाननं मान खाली घातली. तिनं चपला काढल्या.

मग तिनं बटण दाबलं. आतला पंखा घुमला, निळे दिवे लागले, टीव्हीवर पांढरी अक्षरं धावली. "लागला!" शिवांजली ओरडली. चार महिन्यांची वही तिच्या तोंडावर फुलली होती. कमलबाईनं तबक पुढं केलं.

"थांब," बब्रुवान म्हणाला. तो उंबऱ्यावरूनच वाकला आणि डब्याच्या काळ्या रंगवलेल्या बाजूला त्यानं पालथा हात टेकवला. थांबला. काही नाही. पुन्हा टेकवला. मुंगीसुद्धा चावली नाही. 'तांब्याला वजन असतंय,' तो मनात म्हणाला आणि सरळ उभा राहिला.

शिवांजलीनं उजव्या हाताचं बोट पाण्यात बुडवून कुंकवात फिरवलं. डब्याचं काचेचं झाकण लावलेलं नव्हतं. उघड्या चौकटीची पोलादी कड चकाकत होती. आधारासाठी तिचा डावा हात त्या कडेकडं निघाला, तळहात पुढं करून.

बब्रुवानला तिचे पाय दिसले. ओल्या फरशीवर ओले, उघडे पाय. मग त्याला स्वतःचे पाय दिसले, रबरी चपलांतले. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याला काही लागलं नाही ते डबा चांगला आहे म्हणून नव्हे, चपला आहेत म्हणून. आपण रंगाला हात लावला, ती उघड्या पोलादाला लावतेय.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. बोबडी वळली होती. विहिरीवर त्या सकाळी अशीच वळली होती. भावाला लांबून बघितलं तेव्हाही गळ्यातून वारा तेवढा आला होता. चौदा वर्षं ज्या क्षणाला तो भीत होता तो समोर उभा होता, आणि त्याला लेकीचं नावसुद्धा घेता येत नव्हतं.

त्यानं झेप घेतली. भिंतीच्या बोर्डात गेलेली काळी वायर धरली आणि सगळा जीव लावून ओढली. पिन निघाली, बोर्डाचं झाकण निघालं, कमलबाईच्या हातातलं तबक उडालं. पंखा फिरत फिरत थांबला. शिवांजलीचा हात पोलादापासून बोटभर अंतरावर होता.

"अण्णा!" ती किंचाळली. "असं बंद करतेत का? मदरबोर्ड जाईल की!"

"सणासुदीला कुक्कू सांडलं," कमलबाई पुटपुटली. "काय झालंय काय तुमाला?"

बब्रुवान बाहेरच्या खोलीत गेला, पाटापाशी वाकला आणि पूजेतला टेस्टर उचलला.

"अहो! उचलू नका!" कमलबाई मागं धावली.

"पलंगावर चढा," त्याला आवाज फुटला तो फाटकाच. "दोघी. पाय वर घ्या."

असा आवाज त्या घरानं ऐकला नव्हता. दोघी मुकाट पलंगावर चढल्या. बब्रुवाननं पिन पुन्हा बसवली, बटण दाबलं आणि टेस्टरचं टोक त्या पोलादी कडेला लावलं. खोलीत सकाळचं ऊन होतं, तरी टेस्टरमधला दिवा लालभडक पेटलेला तिघांनाही दिसला.

सगळ्या डब्यात करंट होता.

शिवांजलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पाय पोटाशी घेतले आणि आपल्या डाव्या तळहाताकडं बघत राहिली.

त्यानं पिन काढली आणि पूजेतलाच स्क्रू ड्रायव्हर आणला. आता कमलबाईनं अडवलं नाही. एसएमपीएस बाहेर काढून तो खोलायला लागला तशी शिवांजली घाईनं म्हणाली, "दहा मिनिटं थांबा अण्णा. बंद केला तरी आत करंट साठलेला असतो."

ती दहा मिनिटं तिघं त्या डब्याकडं बघत बसून राहिली. बाहेर कुणाच्या तरी रानात सोयाबीनचं मळणीयंत्र धडधडत होतं. शिवांजली खाली मान घालून म्हणाली, "मला कळत होतं, अण्णा. वजनावर नसतंय हे मला पक्कं माहीत होतं. पण मोठं कार्ड मिळायलं होतं म्हणून मी गप्प बसले."

बब्रुवाननं झाकण काढलं.

आत तांबं नव्हतं. एका बाजूला चार बोटं रुंद लोखंडाची जाड पट्टी चिकटवलेली होती, नुसती वजनाला. डिंकासारख्या कशानं तरी बसवलेली ती पट्टी घसरून एका वायरवर चढली होती, वरचं प्लॅस्टिक कापलं गेलं होतं, आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. तीस वर्षांचं त्याचं वजनाचं ज्ञान कुणीतरी त्या पट्टीच्या भावात विकत घेतलं होतं.

पण बब्रुवानचे डोळे पट्टीवर नव्हतेच. पिन बसते तिथून एक हिरवी वायर आत आली होती. ती बोटभर येऊन संपली होती. कुठंही जोडलेली नव्हती. टोकाची तार चकचकीत, कुणीतरी उद्या जोडू म्हणून ठेवल्यासारखी. अंगणातला खड्डा, चौदा वर्षं ओतलेलं पाणी, सगळं या लोंबत्या टोकापाशी येऊन थांबलं होतं.

त्यानं ते टोक पालथ्या हातानं हलवलं. मग म्हणाला, "गोरोबाच्या स्टार्टरची हिरवी वायर म्या जोडली नव्हती."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"कमी पडली. अंधार पडायला व्हता. म्हणलं उद्या जोडू. सकाळी त्यो गेला. त्यो गेल्यावर जोडली म्या. लोकं यायच्या आत." त्याची नजर त्या वायरीवरच होती. "अर्थिंग असून गेला म्हणतेत. अर्थिंग नव्हतंच. म्या मारला त्येला. आन् आज टेस्टर पायजे म्हणायला बी भ्यालो म्या. कुणी इचारलं तर काय सांगू म्हणून. तुझा हात बोटभर ऱ्हायला व्हता, शिवा."

बोलून झाल्यावर त्याला भीती वाटली ती वेगळीच. आता या दोघी उठतील आणि आपल्याकडं कधीच पहिल्यासारखं बघणार नाहीत, याची.

शिवांजलीनं विचारलं, "काकाच्या पायात चपला नव्हत्या?"

"न्हाय."

ती स्वतःच्या पायांकडं बघत राहिली. मग पलंगावरून उतरून बापाच्या शेजारी फरशीवर येऊन बसली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला.

कमलबाईनं सांडलेलं कुंकू बोटानं गोळा करायला घेतलं होतं. ती मान वर न करता म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय?"

"त्या दिशी तुमच्या बोटाला काळी टेप चिकटली व्हती. हात धुवायला पाणी म्याच घातलं नव्हं का? निघंना ती. नखानं काढली म्या."

"आन् बोलली न्हाईस कधी?"

"तुमी बोलाल, तुमी बोलाल म्हणून वाट बघितली," कमलबाई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. "लई दिस लावलं."

बब्रुवान तेव्हा रडला. गोरोबाच्या मातीला रडला नव्हता इतका रडला.

दसरा झाल्यावर बापलेक पुन्हा सोलापूरला गेले. शरणप्पा आधी म्हणाला की उघडलेला माल परत घेत नसतो. शिवांजलीनं ती लोखंडी पट्टी दुकानात चार गिऱ्हाइकं असताना काउंटरवर ठेवली, तेव्हा त्यानं सगळं मुकाट परत घेतलं. मोठं कार्ड गेलं, यादीतलं लहान कार्ड आलं, आणि तो पाच वर्षांच्या हमीचा हलका एसएमपीएस. परतीच्या एसटीत बब्रुवाननं तो मांडीवर घेतला. हातांना तो पोकळच लागत होता. हातांची खोड काही एका दिवसात जात नाही.

घरी आल्यावर त्यानं बसवायच्या आधी मीटर लावून हिरव्या वायरीचा रस्ता तपासला, पिनेपासून पत्र्यापर्यंत. बसवल्यावर चालू करून कडेला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. पुन्हा लावला. नाही लागला.

"मी लावते कुंकू," शिवांजली म्हणाली. ती न्हालेलीच होती, अनवाणीच होती.

"थांब."

बब्रुवाननं चपला काढल्या. कमलबाईच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी स्वतःच्या पायांवर ओतलं. फरशी ओली झाली, पावलं ओली झाली. तो डब्यापुढं उभा राहिला आणि त्याची पाचावर धारण बसली. टेस्टरनं सांगितलं होतं, मीटरनं सांगितलं होतं; तरी भीती गेली नव्हती.

"अण्णा, पालथा," शिवांजली हळूच म्हणाली.

त्याचा हात सवयीनं पालथाच वर आला होता. त्यानं तो हवेत थांबवला, उलटा केला, आणि ती उघडी पोलादी कड तळहातानं धरली. गोरोबानं धरली असेल तशी, घट्ट, सगळी बोटं आवळून.

पोलाद गार होतं. आत पंखा घुमत होता, त्याची बारीक थरथर तळहाताला लागत होती. दुसरं काही नव्हतं. बब्रुवान हवा त्याहून बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याला हात सुटतो का ते बघायचं होतं.

बोटं एकेक करून उघडली. त्यानं हात खाली घेतला, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि तो बाजूला सरकला.

"लाव कुक्कू," तो शिवांजलीला म्हणाला.